मित्रास पत्र: देव ज्या वाटांनी गेले

फोंडा, गोवा
पौष शुद्ध पंचमी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निवृत्तीनंतरचा पहिला मोठा प्रवास म्हणून तू आणि वहिनी गोव्याला येणार हे वाचून आम्हा दोघांना फार आनंद झाला. समुद्र पुष्कळ पाहून झाला, आता गोव्याची जुनी संस्कृती पाहायची आहे, तेव्हा पाहण्याजोग्या ठिकाणांची यादी करून पाठव, असे तू लिहिले आहेस. यादी करणे मुळीच अवघड नाही. परंतु तशा याद्या हातात घेऊन फिरणारी मंडळी मी इथे रोजच पाहतो. सकाळी मंगेशी, दुपारी मसाल्याची बाग, मग जुने गोवे आणि संध्याकाळी मांडवीतली बोट, असा त्यांचा दिवस जातो, आणि एका ठिकाणाचा दुसऱ्याशी काय संबंध आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून मी तुला यादीऐवजी एक सूत्र देतो. गोव्यातले देव मुळात कुठले, ते तिथून का निघाले आणि कुठे जाऊन राहिले, एवढे धरून फिर. माझ्या मते गोव्याचा सांस्कृतिक वारसा समजून घेण्याची याहून चांगली वाट नाही, आणि निवृत्त माणसाला झेपेल इतकीच पायपीट तिच्यात आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यावाचून पुढचे काही कळणार नाही. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि १५४३ मध्ये बार्देश व साष्टी हे महाल त्यांच्याकडे गेले. त्यांनाच आपण जुन्या काबिजादी म्हणतो. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली, पुढे साष्टी-बार्देशातही तेच झाले, आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालय, आले, ते मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. मात्र झुआरीच्या पलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आमचा फोंडा, त्या काळी आदिलशाहीत होता. पुढे तो शिवाजी महाराजांकडे आणि नंतर सोंदेकर राजांकडे गेला, आणि पोर्तुगिजांच्या हाती लागला तो १७६३ मध्ये. तोवर त्यांचा पूर्वीचा धर्मावेश ओसरला होता. त्यामुळे साष्टीतल्या महाजनांनी, म्हणजे देवळांच्या मानकरी मंडळींनी, आपले देव रातोरात नदीपार आणून या डोंगरांच्या कुशीत ठेवले, ते इथेच राहिले. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्याजवळ आला. चार-पाच मैलांच्या टापूत इतकी मोठी देवस्थाने एकवटलेली पाहून बाहेरच्या माणसाला वाटते की फोंड्याची भूमी विशेष पुण्यवान असावी. वास्तविक ही निर्वासितांची वस्ती आहे. अपवाद नागेशीचा. नागेश मूळचाच बांदिवड्याचा. त्याच्या आवारात १४१३ सालचा शिलालेख आहे आणि सभामंडपात वरच्या बाजूस लाकडात कोरलेले रामायणाचे प्रसंग आहेत. तिथे मान वर करून निवांत उभा राहा, घाई करू नकोस.

मंगेशीला मात्र सोमवारीच जा, कारण दर सोमवारी संध्याकाळी देवाची पालखी निघते. इतर दिवशी तुला एक देखणी इमारत दिसेल, सोमवारी देऊळ दिसेल. तळीकडून आत गेलास की सात मजली पांढरी दीपमाळ समोर येते, तिच्या पलीकडे अष्टकोनी चौथऱ्यावरचा घुमट, कमानदार खिडक्या आणि आत टांगलेली काचेची झुंबरे. मराठेशाहीतला आश्रय, विजापुरी घुमट आणि नदीपलीकडच्या चर्चच्या कमानी, हे सगळे त्या एका वास्तूत सुखाने नांदते आहे. घाटावरच्या देवळांची सवय असलेल्या तुझ्या डोळ्यांना हे प्रथम परके वाटेल. ज्यांनी आपले देऊळ पाडले त्यांच्याच बांधकामातल्या आवडलेल्या गोष्टी नव्या देवळात आणण्याचा मोकळेपणा त्या महाजनांपाशी होता, याचे मला अजूनही नवल वाटते. कवळ्याचे आजचे देऊळ शाहू महाराजांच्या कारकिर्दीतले, १७३८ च्या सुमाराचे. तेही याच धर्तीचे आहे.

निघालेल्या देवांची घरे पाहून झाली की एक दिवस न निघालेल्या देवासाठी ठेव. तांबडी सुर्ला येथे सह्याद्रीच्या पायथ्याशी, अभयारण्याच्या आत, कदंब राजांच्या काळातले महादेवाचे छोटेसे देऊळ आहे. ते काळ्या पाषाणाचे आहे, आणि गोव्याची जमीन जांभ्याची असल्यामुळे तो पाषाण घाटावरून आणला असावा असे जाणकार मानतात. दगडावर दगड बसवून, चुन्यावाचून ते उभे केलेले आहे. मंडपाच्या मधोमध शीर तुटलेला नंदी आहे, आणि एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलेला आहे. तो सहज नजरेतून निसटतो, तेव्हा वाकून पाहा. इतके आडबाजूला असल्यामुळेच ते वाचले. अर्थात आता तिथेही रविवारी गाड्यांची रांग लागते, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर जाणे बरे.

नार्व्याचा सप्तकोटेश्वर तुला विशेष जवळचा वाटेल. हा कदंब राजांचा देव, मूळचा दिवाडी बेटावरचा. तिथले देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोली महालातील नार्व्याला नेले गेले, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथे देवळाचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे सरकारने त्याची पुन्हा दुरुस्ती करून २०२३ मध्ये ते खुले केले. देऊळ बैठे, साधे आहे. कोणी तिथे भव्यतेच्या अपेक्षेने गेला तर हिरमुसून परत येईल. पण तू आधी जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला जा, तिथली उरलेली तळी पाहा, आणि मग नार्व्याला ये. ज्या पाण्यावरून देव गेला त्याच पाण्यावरून तू जाशील, आणि तसे गेल्यावर त्या साध्या देवळाचे मोल वेगळेच वाटते. जुन्या गोव्यातली चर्चेही त्याच दिवशी पाहून घे. बॉम जेझूचे काम १५९४ मध्ये सुरू झाले, आणि १९८६ पासून तिथल्या वास्तू जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांविषयी तुला सर्वत्र वाचायला मिळेल, म्हणून मी अधिक लिहीत नाही.

आता ज्यासाठी मी तुला खरोखर बोलावतो आहे ते सांगतो. तू डिसेंबरचे म्हणतो आहेस. डिसेंबर सोड आणि फाल्गुनात ये. साष्टीच्या दक्षिणेला कुंकळ्ळी नावाचे गाव आहे. तिथल्या गावकारांनी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांनी, १५८३ मध्ये पोर्तुगिजांविरुद्ध उठाव केला, त्यात जेझुइट पंथाचे पाच पाद्री मारले गेले. पुढे बोलणी करण्याच्या मिषाने गावप्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची हत्या करण्यात आली. गावची शांतादुर्गा त्या धामधुमीच्या काळात फातर्प्याला नेली गेली आणि आजही ती कुंकळ्ळीकरीण याच नावाने फातर्प्यात राहते. दरवर्षी फाल्गुन शुद्ध पंचमीला ती आपल्या मूळ जागी येते. तिच्यापुढे बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या चालतात, त्यांना सोंत्र्यो म्हणतात. मी पूर्वी या उत्सवाविषयी ऐकून होतो. गेल्या फाल्गुनात पहिल्यांदा मिरवणुकीबरोबर चाललो. उंच दांड्यांवरच्या त्या तांबड्या-पांढऱ्या छत्र्या दुरून संथ डुलत येताना दिसतात, पण जवळ गेल्यावर कळते की प्रत्येक दांड्याखाली गुलालाने आणि घामाने माखलेले तरुण आळीपाळीने खांदा बदलत आहेत, आणि छत्री कलू लागली की चहूकडून एकदम हात वर जातात. ढोल-ताशांपुढे शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. त्या रस्त्यावर हिंदू घरे आहेत तशी ख्रिस्ती घरेही आहेत. एका क्रूस असलेल्या अंगणाच्या फाटकाशी एक वयस्क बाई पाण्याचे तांबे भरून उभ्या होत्या आणि गुलालाने रंगलेली मुले त्यांच्याकडून पाणी पिऊन पुढे धावत होती. देवी गेली त्याला चार शतके उलटली, आणि वर्षातून एकदा ती माहेरी येण्याचा क्रम गावाने सोडलेला नाही. पणजीत आणि मडगावात सरकारी शिगमोत्सवाची चित्ररथांची मिरवणूक निघते, तीही रोषणाईची आणि नेटकी असते. पण खुर्चीत बसून पाहण्याची गोष्ट आणि गुलालात चालण्याची गोष्ट यांत मी तरी दुसरीच निवडीन.

कार्निव्हल कित्येक वर्षी याच सुमारास येतो. त्याच्या शहरी मिरवणुकीत मला फारसा रस नाही, परंतु त्या दिवसांत चांदरला मुसळखेळ होतो, तो मात्र चुकवू नकोस. चांदर म्हणजे भोज राजांचे आणि पुढे कदंबांचे जुने चंद्रपूर. तिथली ख्रिस्ती मंडळी हातात मुसळ घेऊन, जमिनीवर ठेका धरून घरोघर नाचतात, आणि त्या नाचाचे नाते गाव जुन्या हिंदू राजवटीतल्या विजयाशी सांगते. देव घेऊन नदीपार गेलेल्यांची गोष्ट आम्ही हिंदू मोठ्या अभिमानाने सांगतो. जे मागे राहिले, ज्यांनी धर्म बदलला, त्यांनी काय काय जपले याचा उल्लेख आमच्या बोलण्यात क्वचितच येतो. राचोल हेही त्याच अंगाने पाहण्यासारखे आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ मध्ये राचोलला छापली गेली. ज्ञानेश्वरीवर प्रेम करणाऱ्या तुझ्यासारख्या माणसाने त्या टेकडीवर एकदा तरी यायलाच हवे.

फाल्गुनात जमलेच नाही तर चवथीला ये, आमच्याच घरी. इन्क्विझिशनच्या काळात मूर्ती बाळगणे धोक्याचे झाले तेव्हा कागदावरचे चित्र किंवा पत्री पुजून चवथ साजरी करण्याची रीत काही कुटुंबांत पडली, आणि भीती सरल्यावरही त्या घरांनी ती बदललेली नाही. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला माटोळी बांधतात. सुपारीचे घोस, नारळांची पेंडी, तवशी, चिबूड, निरफणस, आंबाडे आणि शहरी माणसाने कधी न पाहिलेली रानफळे तिला दोरीने बांधली जातात. चवथीच्या आधी फोंड्यात माटोळीचा बाजार भरतो. डोंगरातून आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला वाटे मांडून बसतात आणि कोणते फळ कोणत्या रानातले हे तोंडपाठ सांगतात. रात्री घुमट-आरत्या होतात. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी तोंड असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत असत, त्यावर कायद्याने बंदी आल्यापासून बकऱ्याचे वापरतात. जुने वादक नाद उतरल्याची तक्रार करतात, पण वाद्य टिकले, आणि २०१९ मध्ये त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यताही मिळाली. लहान तोंडावरचा तळहात कमी-जास्त दाबून वादक नाद बदलतो, ते जवळ बसून पाहा. आरतीत तुलाही ओढले जाईल. ठेका न जमला तर झांजा घे.

आषाढात मात्र येऊ नकोस असे मी म्हटले असते, कारण पावसाने तुला घराबाहेर पडता येणार नाही. पण माशेलचा चिखलकाला आषाढ शुद्ध द्वादशीला असतो. चोडण बेटावरून निघालेले देवकीकृष्ण तिथे राहतात, आणि मांडीवर बाळकृष्ण घेतलेल्या देवकीची पूजा इतरत्र क्वचितच आढळते. एकादशीला भजन झाल्यावर दुसऱ्या दिवशी अंगाला तेल चोळून गावची मुले आणि म्हातारेही मैदानातल्या चिखलात खेळतात. वहिनींना विचारून काय ते ठरव.

व्यवहाराचे थोडे. देवळात अर्धी चड्डी चालत नाही आणि गाभाऱ्याचे छायाचित्र काढू देत नाहीत. तू तसे काही करणार नाहीस, पण बरोबर येणाऱ्या नातवाला सांगून ठेव. मोठ्या देवस्थानांच्या अग्रशाळेत राहण्याची सोय असते; कवळ्याला किंवा मंगेशीला आधी कळवून खोली घेता येईल. तरी तुम्ही आमच्याकडेच उतरावे असा सौ.चा आग्रह आहे, आणि सोमवारी शिवराक जेवणात खतखते, मुगागाठी व सोलकढी करण्याचे तिने आजच जाहीर केले आहे. मासळीसाठी इतर वार आहेतच. कोकण रेल्वेने मडगावला उतर, मी गाडी घेऊन येतो. पंचमीच्या आदल्या दिवशी पोहोचायचे तर तिकीट आताच काढायला हवे, कारण शिमग्याला चाकरमान्यांनी गाड्या भरलेल्या असतात. तिकीट निघाले की तारीख लगेच कळव, म्हणजे कुंकळ्ळीच्या माझ्या मित्राला मी सांगून ठेवतो. त्याच्या ओसरीवरून मिरवणूक दिसते आणि पाय दुखले तर बसताही येते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत