मालकी कोणाची, हे वाचकाला कळू द्या

मा. संपादक,
स.न.

दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर ‘फॉर्म ४ (नियम ८ पाहा)’ या शीर्षकाचे मालकीविषयक निवेदन बारीक टायपात छापलेले असते. १९५६ च्या नियमांनी (त्यांची जागा २०२४ मध्ये नव्या नियमांनी घेतली) घालून दिलेल्या या पद्धतीनुसार एकूण भांडवलात एक टक्क्याहून अधिक वाटा असलेल्या भागधारकांची नावे त्यात दिली जातात. मी हे निवेदन न चुकता वाचतो. अनेकदा तेथे व्यक्तीच्या जागी दुसऱ्याच एखाद्या खासगी कंपनीचे नाव आढळते आणि त्या कंपनीत कोणाचा पैसा आहे, याचा उलगडा होत नाही. नियम पाळला जातो, मात्र ज्यासाठी तो केला, ते साधत नाही.

वृत्तपत्राला राजकीय बांधिलकी असू नये, असे माझे म्हणणे नाही. नागपूरकराने तसे म्हणणे शोभणारही नाही. ‘हितवाद’ १९११ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने काढला, १९७१ मध्ये येथून दैनिक म्हणून निघालेल्या ‘लोकमत’मागे काँग्रेसचे जवाहरलाल दर्डा होते आणि ‘तरुण भारत’ संघविचाराचा आहे, हे कोणी लपवले नाही. त्याच ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि तेथेच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. वेगळ्या विदर्भाचा आग्रह धरणाऱ्यांना ही भूमिका पटणारी नव्हती, तरी वाद कोणाशी घालायचा, हे त्यांना ठाऊक होते.

आज हेच कळेनासे झाले आहे. अंकाच्या तळाशी बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी संपादकाच्या नावावर लिहिलेली असते. पण कोणती बातमी वगळायची, हे जर जाहिरात विभाग किंवा मालकाच्या घरातून ठरत असेल, तर संपादक केवळ खटल्यापुरता उरतो. अंकाची किंमत कागदाचा खर्चही भागवत नाही, तेव्हा उरलेला भार शासकीय जाहिराती, निविदा-सूचना आणि पक्षांची पानभर आवाहने उचलतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवरून महाराष्ट्राचीच नाचक्की झाली, हे आपण इतक्या लवकर विसरावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पक्षाचा पैसा उघड असला, तर वाचक त्याचा हिशेब धरून वाचतो. काँग्रेसने ‘नॅशनल हेराल्ड’च्या कंपनीला दिलेल्या सुमारे ९० कोटी रुपयांच्या कर्जाची देशभर चर्चा झाली ती २०१२ मध्ये, म्हणजे छपाई थांबून चार वर्षे लोटल्यावर. त्यातील योग्य-अयोग्य न्यायालय ठरवील. परंतु वाचकाला ते अंक हाती येत असतानाच समजायला हवे होते.

म्हणून आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की, येत्या मार्चचे निवेदन वाचता येईल अशा टायपात छापावे, भागधारक कंपन्यांमागील व्यक्तींची नावे द्यावीत, वर्षभरातील उत्पन्नापैकी शासन व पक्षांच्या जाहिरातींचा वाटा किती, तो आकडा जाहीर करावा आणि संपादकाला दूर करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, तेही त्याच चौकटीत लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक,
धंतोली, नागपूर