नास्तिकता हा पण एक धर्मच? पक्याला पत्र

प्रिय पक्या,

तुझी ती लांबलचक व्हॉइस नोट ऐकली. लोकलमध्ये दादर गेल्यावर नुसता आरडाओरडा होता म्हणून घरी येऊन परत लावली. फोनवर टाईप करत बसण्यापेक्षा म्हटलं सरळ पत्रच लिहावं, कारण तू जे बोललास ते टोमणा म्हणून नाही बोललास हे मला माहीत आहे, आणि मनापासून विचारलेल्या गोष्टीला अंगठा दाखवणारा इमोजी पाठवून मोकळं होणं मला जमत नाही.

तुझं म्हणणं असं, की तुम्ही नास्तिक लोक शेवटी एक धर्मच पाळता. देव आहे ही जशी श्रद्धा तशी देव नाही ही पण श्रद्धाच. तुमचे पण संत आहेत, पुण्यतिथ्या आहेत, व्याख्यानमाला म्हणजे तुमची कीर्तनं, मग जनगणनेवाला दारात आला की धर्म नास्तिक असं सांगून टाक ना, एवढा काय घोळ घालतोस.

मला हे पटत नाही. आणि का पटत नाही ते सांगताना मी "आम्ही श्रद्धा ठेवत नाही, पुरावा मागतो" वगैरे नेहमीचं सांगणार नाहीये. ते मला मान्य आहेच, पण तुझ्या मुद्द्याचं खरं उत्तर तिथे नाही. तू असं धरून चालला आहेस की देवाबद्दलचं मत म्हणजेच धर्म. हो म्हटलं तर एक धर्म, नाही म्हटलं तर दुसरा. पण आपल्याच मातीत बघ ना, असं कुठे आहे?

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर जैन कुटुंब आहे, तू त्यांच्याकडे खाकरे खाल्लेस. पर्युषणात त्यांच्या आजी उपास करतात, सूर्य मावळला की पाण्याचा थेंब नाही, संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे आपल्या चुकांची कबुली, शेवटच्या दिवशी सगळ्या मजल्यांवर येऊन मिच्छामि दुक्कडम् म्हणत क्षमा मागणं. आख्ख्या बिल्डिंगमध्ये त्यांच्याइतकं धार्मिक कोणी नसेल. आणि जग निर्माण करणारा ईश्वर जैन तत्त्वज्ञान मानतच नाही. तीर्थंकर पूज्य, पण जग त्यांनी बनवलेलं नाही, कोणी बनवलेलंच नाही. सांख्यांचं जुनं शास्त्र घे, तिथेही ईश्वराशिवाय भागतं. मीमांसक तर माझे लाडके, यज्ञाची एकेक आहुती बरोबर पडली पाहिजे म्हणून जीव टाकणारे लोक, कुमारिल भट्टासारखा माणूस वेदांसाठी जन्मभर भांडला आणि जग घडवणारा ईश्वर मात्र त्याने मानला नाही. 1954 साली शिरूर मठाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेही हेच नोंदवून ठेवलं, की बौद्ध आणि जैन हे भारतातले नावाजलेले धर्म आहेत आणि ते ईश्वर मानत नाहीत.

आणि लांब कशाला जा, 6 डिसेंबरला आपण दोघं शिवाजी पार्कला गेलो होतो. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं, पायात चपला झिजलेल्या, चैत्यभूमीची रांग संपता संपत नव्हती, आणि पुस्तकांच्या स्टॉलवर दर्शनाच्या रांगेएवढीच गर्दी. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या त्यातली पहिलीच, ब्रह्मा विष्णू महेश यांना मी देव मानणार नाही. म्हणजे देव नाकारून माणूस धर्माच्या बाहेर पडला नाही, उलट एका धर्मात आला. बाबासाहेबांना नुसतं नास्तिक होऊन थांबता आलं असतं, पण ते थांबले नाहीत, कारण देव सोडला तरी जात सुटत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असेल. माझंच बघ, देव मी कॉलेजात सोडला, आडनाव अजून तेच आहे, आणि भाड्याने घर बघताना त्या आडनावाचा मला फायदाच झाला आहे. आपल्याकडच्या सवर्ण नास्तिकांनी याच्यावर फार कमी विचार केला असं माझं स्पष्ट मत आहे.

तर सांगायचं हे, की देव न मानणं हे धर्माच्या आतही असू शकतं आणि बाहेरही. जी गोष्ट दोन्हीकडे सापडते तिलाच धर्म कसं म्हणणार? ते एका प्रश्नाचं उत्तर आहे फक्त. त्या उत्तरातून पुढे काय करायचं, कसं जगायचं, कोणाशी लग्न करायचं, मेल्यावर काय, यातलं काहीच निघत नाही.

हे मला पुस्तकात नाही कळलं, अण्णा गेले तेव्हा कळलं. तू होतास, पण तू पोचलास सकाळी, रात्रीचं तुला नीट सांगितलंच नाही मी कधी. अण्णांनी नेत्रदान आणि देहदानाचे फॉर्म भरून ठेवलेले. डॉक्टर दाखला देऊन गेले, मी आयबँकेला फोन लावला, पलीकडची बाई शांतपणे सांगत होती, पंखा बंद करा, डोळे मिटवून पापण्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली दोन उशा द्या. मे महिना, पंखा बंद, आख्खी खोली घामाने भिजलेली आणि आई वाटीत कापूस बुडवून परत परत ठेवत होती. मग तो मुलगा आला, विशी-पंचविशीतला असेल, हातात आइसबॉक्स. बूट दाराबाहेर काढले, अण्णांना नमस्कार केला आणि म्हणाला, काही विधी करायचे असतील तर करून घ्या, मी थांबतो. काका लगेच म्हणाले, तोंडात गंगाजल तरी घाला रे. मी काही बोललो नाही. आईने मान हलवली, नको म्हणाली, त्यांना नको होतं. पंधरा-वीस मिनिटांत त्याचं काम झालं, चेहरा जसाच्या तसा. पहाटे हॉस्पिटलची गाडी आली, शरीररचनाशास्त्र विभागात कागदांवर सह्या केल्या आणि अण्णा आत गेले.

आणि घरी आल्यावर आई म्हणाली, आता आपण करायचं काय?

पक्या, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. धर्माकडे असतं. कोणी कुठे बसायचं, चूल पेटवायची की नाही, दिवा कुठे ठेवायचा, दहाव्याला कुठे जायचं, बाणगंगेला की आणखी कुठे, तेराव्याला कोणाला जेवायला बोलवायचं, कधी रडायचं आणि कधी उठून कामाला लागायचं, सगळं ठरलेलं. त्यातलं तत्त्वज्ञान मला पटो न पटो, पण ज्या माणसाचं डोकं चालत नसतं त्याचा हात धरून ते त्याला तेरा दिवस चालवत नेतं. नास्तिकतेत या तेरा दिवसांसाठी एक ओळ सुद्धा लिहिलेली नाही. आम्हाला त्या आठवड्यात सावरलं ते तुझ्या आईने पाठवलेल्या पिठलं-भाताच्या डब्याने, शेजाऱ्यांनी, आणि अण्णांच्या युनियनमधल्या म्हाताऱ्या मित्रांनी, जे रोज संध्याकाळी येऊन नुसते बसायचे. त्यातले निम्मे कपाळाला बुक्का लावणारे. म्हणून कोणी नास्तिकता हा धर्म आहे म्हटलं की मला वाटतं, असता तर त्या रात्री आईला काहीतरी सांगता आलं असतं.

आता तुझा जो मुद्दा खरा आहे तो. काही लोकांनी देव काढून खरोखरच धर्म उभा केलाय, खोटं कशाला बोलू. फ्रेंच क्रांतीत 1793 साली पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये बुद्धीचा उत्सव केला. मग ऑग्युस्त कोंत, त्याने मानवतेचा धर्म काढला, पुरोहित ठरवले, 28 दिवसांचे 13 महिने असलेलं कॅलेंडर बनवलं, महिन्यांना थोर माणसांची नावं. फ्रान्सपेक्षा ब्राझीलमध्ये ते जास्त रुजलं, रिओत त्यांचं मंदिर झालं, आणि ब्राझीलच्या झेंड्यावर जे सुव्यवस्था आणि प्रगती असं लिहिलंय ते कोंतच्याच वचनातून आलं. पण ते धर्म झाले कशाने? विधींनी, पंचांगाने, पुरोहितांनी. देव नसल्यामुळे नाही.

आपल्या महाराष्ट्रात तर हे झालंच नाही. जोतिरावांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला, भटाशिवाय लग्नं लावली, पण निर्मिक, म्हणजे जग घडवणारा, मानला. गिरगावात ज्याच्या नावाने बसस्टॉप आहे तो प्रार्थना समाज 1867 चा, त्यांनी मूर्ती काढली, देव ठेवला. ज्यांनी देवच सोडला त्या आगरकरांनी देऊळ नाही बांधलं, वर्तमानपत्र काढलं. र. धों. कर्व्यांनी मासिक काढलं आणि 1927 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, खटले अंगावर घेत चालवलं. ज्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीला तू माझं चर्च म्हणालास तिच्यात देव मानणारे कार्यकर्ते आहेत, दाभोलकर तर जन्मभर सांगत राहिले की आमचा देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे. असं कुठलं चर्च असतं सांग बरं, जिथे आत यायला काही मानावंच लागत नाही?

आणि 20 ऑगस्टला आम्ही दाभोलकरांची पुण्यतिथी करतो म्हणालास, ते मात्र मला लागलं. 2013 च्या त्या सकाळी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला जो त्यांच्या हयातीत वर्षानुवर्षं अडकून पडला होता, आणि निकाल लागायला 10 मे 2024 उजाडला. दोघांना जन्मठेप, तिघं सुटले. यामागे डोकं कोणाचं हे अजून समोर आलेलं नाही. आम्ही त्या दिवशी जमतो ते हे विचारायला. फोटोला हार घालतात काही जण, मला आवडत नाही, पण जमण्याचं कारण हार नाही.

मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. अल्बानियात 1967 साली सरकारने सगळे धर्मच बंद केले, मशिदींना आणि चर्चना टाळं, धर्मगुरू तुरुंगात. पोलीस हातात असलेली नास्तिकता कुठल्याही कट्टर धर्माइतकी क्रूर होऊ शकते. जो नास्तिक हे मान्य करायला कचरतो त्याच्याशी माझं जमत नाही.

मग तू म्हणशील धर्म नाही तर धर्मस्वातंत्र्य कशाला मागता? मागतो, आणि मिळालंही पाहिजे. घटनेचं 25 वं कलम सुरू होतं सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यापासून, धर्माचं नाव नंतर येतं. 2014 साली मुंबई हायकोर्टाने सरळ सांगितलं की मला धर्म नाही असं म्हणायचा नागरिकाला हक्क आहे आणि सरकार कोणालाही धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही. त्याच्या आदल्या वर्षी नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने निकाल लागला, शाळेच्या प्रार्थनेला हात जोडत नाहीत म्हणून ज्यांचा पगाराचा हक्क अडवला होता. अमेरिकेत 2005 मध्ये एका कैद्याने नास्तिकांचा अभ्यासगट मागितला तेव्हा तिथल्या अपील कोर्टाने म्हटलं, घटनेच्या संरक्षणापुरतं नास्तिकतेला धर्मासारखंच धरा. तेवढ्यापुरतं असेल तर माझी काही हरकत नाही. कायदा एरवीही आपल्याला कुठेतरी बसवतोच, हिंदू विवाह कायदा मुसलमान, ख्रिश्चन, पारशी, ज्यू नसलेल्या जवळपास सगळ्यांना लागू होतो, त्यात मीही आलो. आणि 1872 चा जुना विवाह कायदा तर म्हणायचा आधी लिहून द्या की आम्ही यातला कुठलाच धर्म पाळत नाही, मग लग्न करा. प्रेमासाठी धर्म नाकारायला लावणं हे पण मला तेवढंच चुकीचं वाटतं. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने ती अट काढली, म्हणूनच आमच्या लग्नात हिला तिची तुळस सोडावी लागली नाही.

राहता राहिली जनगणना. 2011 ला आख्ख्या देशात नास्तिक म्हणून नोंद झाली साधारण 33 हजार माणसांची, 121 कोटींत. धर्म सांगितलाच नाही असे 29 लाखांच्या आसपास. 2027 ला प्रगणक दारात आली की मी सांगणार, धर्म नाही. नास्तिक हे धर्माच्या रकान्यात नको. आणि जात विचारली तर ती मात्र खरी सांगणार, कारण ती मी सोडली असं मी कितीही म्हटलं तरी तिने मला जे दिलं ते खरं आहे, आणि ते मोजलं गेलं पाहिजे. आईच्या नावापुढे आई सांगेल तो धर्म, हिच्यापुढे ही सांगेल तो. एका घरात तीन उत्तरं लिहून घ्यायला ती बाई वैतागली तर चहा देऊ.

एक मागणं आहे. आमच्या ओळखीत अण्णांसारखे फॉर्म भरून ठेवलेले बरेच म्हातारे आहेत, काही एकटेच राहतात. त्यांच्या घरी तसं काही झालं तर पहिल्या रात्री जाऊन बसणारी, डबे पोचवणारी, कागदपत्रं बघणारी पाच-सहा माणसं लागतील, परळपासून डोंबिवलीपर्यंत. देव मानणारा, न मानणारा, कोणीही चालेल. तुझं नाव मी धरलंय. डोंबिवलीकडचं तू बघशील का ते कळव, आणि मीमांसकांबद्दल तुझ्या बाबांना काय वाटतं तेही विचार, ते मला नक्की कुठेतरी अडवतील. काकूंना नमस्कार.

तुझा,
दिन्या