आंगचे पळून जाणे का गाळले?

संपादक महोदय,
सस्नेह नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ॲनिमेशन मालिकांच्या लाइव्ह-ॲक्शन, म्हणजे खऱ्या नटांना घेऊन केलेल्या, आवृत्त्यांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात नेटफ्लिक्सवरील ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या मालिकेची बरीच प्रशंसा होती. मूळ मालिका लहान मुलांची होती आणि नव्या आवृत्तीने ती मोठ्यांनी पाहावी अशी केली, असा त्या लेखाचा एकूण सूर होता. मला नेमके उलटे वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

मायकेल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको यांनी निर्माण केलेली मूळ मालिका २००५ ते २००८ या काळात निकलोडियन वाहिनीवर ६१ भागांत प्रसारित झाली. २०१० साली एम. नाइट श्यामलन यांनी तिच्या पहिल्या पर्वावर चित्रपट काढला, त्याविषयी न बोललेलेच बरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने तेच पहिले पर्व आठ भागांत आणले. मूळ निर्माते प्रारंभी या प्रकल्पात होते. परंतु मतभेद झाल्यामुळे ते २०२० साली बाहेर पडले आणि ही गोष्ट त्यांनी जाहीरपणे सांगितली. वीस भागांचा ऐवज आठ भागांत कोंबल्यामुळे नुकसान झाले, असे पुष्कळ जण म्हणतात. पण मूळचे वीस भाग जेमतेम तेवीस मिनिटांचे आणि नवे आठ भाग तासाच्या आसपासचे असल्याने, सगळी बेरीज केली तर दोन्हीकडे सात-साडेसात तासच भरतात. तेव्हा वेळ अपुरा पडला, ही सबब इथे चालणार नाही.

खरे नुकसान आंगच्या एका कृतीत झालेले आहे. मूळ कथेत बारा वर्षांच्या आंगला तो अवतार, म्हणजे पाणी, माती, अग्नी आणि वायू ही चारही तत्त्वे हवी तशी वळवू शकणारा जगाचा रक्षक, असल्याचे सांगितले जाते, सवंगडी त्याला खेळात घेईनासे होतात, आणि ज्यांनी त्याला वाढवले त्या ग्यात्सो गुरूंपासून त्याला दूर पाठवण्याचा निर्णय झाल्याचे तो चोरून ऐकतो. त्या रात्री तो चिठ्ठी ठेवून पळून जातो, वादळात सापडतो आणि शंभर वर्षे बर्फात गोठून राहतो. दरम्यान युद्धखोर फायर नेशन या राष्ट्राने त्याच्या साऱ्या लोकांचा संहार केलेला असतो. आपण तिथे नव्हतो, हे ओझे तो खेळकरपणाखाली दडपून वावरतो. शुद्धीवर येताच त्याचा, त्याला बर्फातून बाहेर काढणाऱ्या कटारा या मुलीला पहिला प्रश्न असतो, तो पेंग्विनवर बसून घसरायला येतेस का, हा! नव्या मालिकेत मात्र आंग पळत नाही. मन थोडे शांत करावे म्हणून तो आप्पा या आपल्या उडत्या गव्यावर बसून फेरफटका मारायला निघतो आणि वादळ त्याला गाठते. पुढे मात्र जो भेटेल तो, तू आम्हाला सोडून गेलास, असा दोष त्याला देत राहतो. ज्याने अपराध केलाच नाही, त्याला आठ भाग अपराधी म्हणून उभे केले आहे. याला प्रौढांसाठीचे लेखन म्हणावे काय?

ओमाशूच्या राजा बूमीचे उदाहरण घ्या. मूळ भागात हा एकशेबारा वर्षांचा विक्षिप्त म्हातारा आंगला तीन चमत्कारिक कसोट्यांना लावतो. त्याच्या मित्रांच्या अंगावर जे स्फटिक चढत जातात, ते शेवटी खडीसाखर निघतात! कसोट्यांमागचा हेतू कळतो तो आंगने जुन्या मित्राला ओळखल्यावरच, आणि मग ते दोघे लहानपणीसारखे टपाल वाहून नेणाऱ्या घसरगुंडीवरून सुसाट खाली येतात. नव्या आवृत्तीत भारतीय वंशाच्या उत्कर्ष अंबुडकर या चांगल्या नटाला ही भूमिका मिळाली. परंतु लेखकांनी बूमीला शंभर वर्षांच्या युद्धाने कडवट झालेला, आंगवर चिडलेला माणूस करून टाकले. वेडेपणाच्या आडून शिकवणारा गुरू गेला आणि हाती काय उरले, तर एक लांबलचक उपदेश.

कटाराचा भाऊ सोक्का याच्या बाबतीतही तेच. लढाई मुलींचे काम नव्हे, असे मानणारा हा मुलगा क्योशी बेटावर सुकी या योद्ध्या मुलीकडून सपाटून मार खातो, मग गुडघे टेकून तिला शिकवण्याची विनंती करतो आणि तिथल्या योद्ध्या मुलींचा पोशाख व रंगरंगोटी मुकाट्याने अंगावर चढवतो. आजच्या प्रेक्षकाला त्याचे बोलणे खुपेल म्हणून ते सौम्य केल्याचे कलाकारांनीच मुलाखतींत सांगितले होते. दोषच काढून घेतल्यावर ते गुडघे टेकण्याला अर्थ कुठून राहणार? कटारा महिनोन्‌महिने धडपडून पाणी वळवण्याचे जे कसब शिकते ते आंगला पाहता पाहता जमते आणि ती त्याच्यावर खेकसते, हा अतिशय माणुसकीचा प्रसंगही गेला. कारण या पर्वात आंग पाणी वळवायला शिकतच नाही.

नवे काहीच चांगले नाही, असा माझा दावा नाही. फायर नेशनचा राजपुत्र झुको याने भर युद्धसभेत ज्या कोवळ्या सैनिकांचा बळी देण्यास विरोध केला आणि त्यापायी चेहरा भाजून घेऊन हद्दपारी पत्करली, ती ४१वी तुकडी म्हणजेच त्याच्या जहाजावरचे खलाशी, ही कल्पना मूळ मालिकेत नाही आणि ती उत्तम आहे. आपण जिवंत आहोत ते या तिरसट पोरामुळे, हे झुकोचा काका आयरो याच्याकडून कळल्यानंतर तेच खलाशी त्याला सलामी देतात, तेव्हा झुको साकारणाऱ्या डॅलस लिऊ या तरुण नटाच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते रेखाटनात कदाचित जमले नसते. म्हणजे मूळ कथेत नसलेले घालण्याचे धाडस जिथे केले, तिथे मालिका जिंकली. हरली ती जिथे तिला पोरकटपणाची लाज वाटली तिथे.

मालिकेच्या उरलेल्या दोन्ही पर्वांना मार्च २०२४ मध्येच मंजुरी मिळालेली आहे. मूळ दुसऱ्या पर्वात बा सिंग से नगरीतील छोट्या छोट्या गोष्टींचा एक भाग आहे, ज्यात युद्धाची कथा तसूभरही पुढे सरकत नाही. आयरो दिवसभर अनोळखी लोकांना मदत करत हिंडतो आणि संध्याकाळी टेकडीवर, युद्धात गमावलेल्या मुलाच्या तसबिरीपुढे बसून गातो. आयरोला आवाज देणारे अभिनेते माको यांचे २००६ साली निधन झाले, त्यांना तो भाग अर्पण केलेला आहे. आपल्या समीक्षकांनी या मालिकेविषयी पुन्हा लिहिण्यापूर्वी निदान तेवढा एक भाग पाहावा आणि मगच मूळ मालिका कोणासाठी होती ते ठरवावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, डोंबिवली