आई, तो नियमच चुकीचा होता

नागपूर

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून लिहिते. उमरेडच्या दवाखान्यातली नोकरी मी नाकारली. बालरोग परिचर्येच्या एम.एस्सी.ची फी सोमवारी भरली. अजून दोन वर्षं इथेच. बाबा, रागावू नका. पैसे माझ्या साठवणीतले आहेत. मेडिकल चौकाजवळची खोली तीच, गळत नाही. डब्यात पोळ्या गरम येतात, पाणी उकळूनच पिते.

आई, माझा टायफॉइड आठवतो ना? संध्याकाळी एक तास भेट, बाकी वेळ दार बंद. बाबा खिडकीच्या गजातून संत्रं दाखवायचे, तू जिन्यावर रात्र काढायचीस. अजून म्हणतेस, "लेकराला एकटं टाकलं मी." नाही गं टाकलंस. मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये दोन वर्षांच्या मुलीचे दवाखान्यातले आठ दिवस चित्रित केले, १९५२ सालीच ते डॉक्टर-नर्सना दाखवले. गप्प झालेलं लेकरू रुळलेलं नसतं, आतून खचलेलं असतं, हे त्यांचं म्हणणं. मीही तिसऱ्या दिवशी रडायची थांबले होते. सिस्टर म्हणाल्या, शहाणी आहे! १९५९ मध्ये तिकडच्या सरकारने दवाखान्यातल्या मुलांसाठी नेमलेल्या प्लॅट समितीनेही सांगितलं, आईला सोबत राहू द्या, भेटीला वेळेची अट नको.

पुढे १९८८ मध्ये अ‍ॅन केसी या नर्सबाईंनी भागीदारीचा विचार मांडला. लेकराचं करणारे मुळात घरचेच. नर्सने त्यांना शिकवावं, लागेल तिथे आपला हात लावावा. मागच्या आठवड्यात तीन वर्षांच्या पोराला सलाइन लावायचं होतं. एरवी दोघं-तिघं दाबून धरतात. मी त्याच्या आईला खुर्चीत बसवलं, त्याला मांडीवर घेऊन छातीशी धरायला सांगितलं. रडला, पण हात ओढला नाही. दुसऱ्या मुठीत तिचा पदर होता, हळदीचे डाग पडलेला. तुझाच वाटला मला. हे नीट शिकायचंय, आई, म्हणून थांबतेय. तुमच्यापासून लांब राहायचं म्हणून नाही.

नर्सिंगचा सिद्धांत मांडणाऱ्या अमेरिकेच्या डोरोथिया ओरेम म्हणतात, माणसाला स्वतःचं जमतं तेवढं करू द्यावं, उरलेल्याची भर आपण घालावी. तर बाबा, शुगर तुम्हीच तपासायची, वहीत लिहायची. वही मी बघणार. गोळ्यांची डबी दर रविवारी भरून देईन. आई, खाली बसून भांडी घासणं बंद. गुडघ्याचा पट्टा पेटीत ठेवायला आणला नाही.

रविवारी पहिल्या बसने येते. स्टँडवर येऊ नका, पावसाचं निसरडं असतं. वरण-भात टाकून ठेव, बाकी काही करू नको.

तुमची,
चिऊ