रविवारच्या मुंबईतल्या जेवणाची आठवण

मंडळी, रविवारी दुपारी लिंग्ज पॅव्हिलियन या चायनीज हॉटेलात जेवायला जायचंय, ज्यांनी अजून नावं दिली नाहीत त्यांनी आज रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका, टेबल आधी सांगून ठेवायचंय. शनिवारी रात्री रत्नागिरीहून कोकणकन्या, पहाटे सीएसएमटी, पुढे टॅक्सीने कुलाबा, रीगल सिनेमाच्या मागच्या रस्त्यावर. तिकीट ज्याचं त्याने काढायचं, वेटिंग असेल तर आत्ताच कळवा.

पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सांगते, हे हॉटेल १९९१ पासूनचं, पण लिंग कुटुंबाचं त्याआधी तिथेच कुलाब्यात नानकिंग नावाचं हॉटेल होतं, म्हणजे धंदा घरातलाच, बापाकडून मुलांकडे आलेला. नाक्यावरच्या गाडीचं लालभडक चायनीज डोक्यात ठेवून येऊ नका प्लीज, तिथे आलं घालून वाफवलेला मासा नाहीतर कुर्ल्या मागवायच्या, आणि आपण बंदरावरची माणसं, ताजं काय आलंय ते आधी विचारायचं, मगच ऑर्डर. पोर्क चालत नसेल किंवा व्हेज असाल तर नावापुढे लिहा. अशी घरची माणसं उभी राहून चालवतात ती हॉटेलं मला फार मोलाची वाटतात, म्हणून मुलांनाही आणा.

परतीला रात्रीची कोकणकन्याच.