टेटनवरून उतरल्यावर

प्रिय मंदार,

उतरून चार दिवस झाले, तरी बोटांच्या पेरांची सालटी अजून भरली नाहीत, म्हणून पत्राला उशीर. ग्रँड टेटन झाला! ४,१९९ मीटर.

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या त्या खोऱ्यात पोचलो आणि पहिला तासभर नुसता बघत बसलो. पायथ्याला टेकडी नाही, सोंड नाही. सपाट माळ संपतो आणि दोन हजार मीटरचा डोंगर थेट उभा राहतो. मुळाशी साठ-पासष्ट किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग आहे, म्हणजे जमिनीच्या कातळातली सरकती भेग. प्रत्येक मोठ्या भूकंपात डोंगर वर सरकतो, खोरं खाली खचतं. हे सगळं गेल्या कोटीभर वर्षांतलं, म्हणजे डोंगर अगदी तरुण. पण त्याचा सगळ्यांत जुना दगड २७० कोटी वर्षांचा!

शेजारचा माउंट मोरन तर तू बघायलाच हवास. माथ्यावर वालुकाश्माची छोटीशी टोपी, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रकाठची वाळू. तोच थर इकडे खोऱ्याच्या पोटात सहा-सात किलोमीटर खोल गाडला गेलाय. एकाच किनाऱ्याचे दोन तुकडे, एक ढगात, एक पाताळात. रात्री तंबूत मला हेच आठवत राहिलं.

चढाई 'एक्झम रिज' या धारेनं केली. पहाटे अंधारात खिंडीतून निघालो. 'वॉल स्ट्रीट' नावाची कातळातली पट्टी सुरुवातीला चांगली रुंद आहे, मग निमुळती होत होत संपतेच. पुढे जेमतेम एका ढांगेची फट आणि खाली नुसती हवा. १९३१ साली ग्लेन एक्झम इथे एकटा आला, दोराशिवाय, उसने घेतलेले मापापेक्षा मोठे फुटबॉलचे बूट घालून, आणि त्यानं उडी मारली. मी दोरावर होतो, वाटाड्यानं पलीकडून दोर ताणून धरला होता, तरी डावा पाय उचलेना. कातळ बर्फासारखा गार, बोटं बधिर. शेवटी उजव्या हाताला एक धारदार कपार सापडली, तिच्यात चार बोटं खुपसली आणि पलीकडे गेलो. तिथेच ऊन अंगावर आलं. मंदार, मी रडलो रे.

पुढचा ग्रॅनाइट खरखरीत, पकडीला सुरेख. आपल्या काळ्या कातळावर निसटणारे बूट इथे चिकटून बसतात. दुपारी विजा पडतात म्हणून माथ्यावर फार थांबलो नाही, पण उत्तरेला मोरनची टोपी शोधून काढलीच.

तू दगड मागितला होतास. राष्ट्रीय उद्यानातून खडाही उचलायला मनाई आहे, म्हणून गार्नेट दरीतल्या एका धोंड्याशी बसून त्याचे पट्टे पेन्सिलीनं काढून आणलेत. काळा, पांढरा, मध्येच दुमडून परत फिरलेला. सोबत पाठवतोय. ती घडी कशी पडली असेल, ते मात्र तूच लिहून कळव.

तुझा,
अनिरुद्ध