बाबांच्या छातीतली तिसरी वायर

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर कमरेच्या एमआरआयचं बोलताना बाबा म्हणाले, "पेसमेकरच्या कार्डावर एमआरआय चालतो असं छापलंय, मग थांबायचं कशाला?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमच्या छातीचा एक्स-रे मी रात्री पुन्हा दिव्यासमोर धरला. गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर, त्यातून हृदयात उतरलेल्या दोन लीड, म्हणजे वायरी. आणि शेजारी एक तिसरी. तिचं वरचं टोक पेसमेकरपर्यंत पोचतच नाही, टोपण लावून मध्येच सोडलंय. जुनी लीड बिघडली तेव्हा ती ओढून काढणं जोखमीचं म्हणून आतच ठेवली होती, आठवतं? कार्डावर तिचा उल्लेख नाही. कार्ड नव्या पेसमेकरचं आणि नव्या लीडचं आहे, "चालतो" हे त्या संचापुरतं. स्कॅन सेंटरच्या फॉर्मवर नुसतं "पेसमेकर आहे का?" एवढंच विचारलंय, याचा मला फार राग आला.

धोका चुंबकापेक्षा रेडिओलहरींचा. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनमध्ये त्या सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या असतात. लांब वायर त्यांना अँटेनासारखी पकडते आणि उष्णता टोकाशी साठते, म्हणजे वायर हृदयाच्या भिंतीला टेकते नेमकी तिथे. नव्या लीडमध्ये तारेची रचना बदलून हे तापणं कमी केलंय. एमआरआय चालेल असा पहिला पेसमेकर अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झाला. तुमची तिसरी वायर त्याआधीच्या घडणीची, शिवाय वरचं टोक पेसमेकरला न जोडलेलं. अशी वायर जास्त तापू शकते.

पण म्हणून दार बंद झालं असं समजू नका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅग्नासेफ नावाच्या अभ्यासात एमआरआयसाठी न बनवलेली उपकरणं असलेल्या रुग्णांचे १,५०० स्कॅन झाले, छाती सोडून. स्कॅनदरम्यान एकही मृत्यू नाही, एकही लीड निकामी नाही. सोडलेल्या लीडचे रुग्ण मात्र त्यात घेतले नव्हते. अशा रुग्णांचेही स्कॅन अनुभवी ठिकाणी होतात, पण हृदयाचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट दोघांनी मिळून ठरवल्यावर. कमरेसाठी सीटी स्कॅनवर भागेल का, तेही त्यांनाच विचारू.

आई, हे तुझ्यासाठी. स्कॅन ठरलाच, तर आधी पेसमेकर तपासून त्याचं सेटिंग बदलतात, आत असताना ईसीजी आणि बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावून लक्ष ठेवतात. त्याच अभ्यासात एका रुग्णाचं उपकरण आधी नीट सेट केलं नव्हतं. स्कॅननंतर ते तातडीने बदलावं लागलं. म्हणून सेटिंग पूर्ववत केलंय हे विचारल्याशिवाय बाबांना घरी आणू नकोस. बाबा "झालं, चला" म्हणतील, तरी.

मी शनिवारी एक्स-रे घेऊन येते, आपण आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊ. तोवर स्कॅनची तारीख घेऊ नका.

तुमची,
लेक